परसांतील कोंबड्या व घरीं केलेला दाण्याचा डबा

घरांतील मोठ्या गोष्टींचा विचार सर्वच करितात. लहान गोष्टींचा विचार करण्यास मात्र कोणास सवड होत नाहीं. मुलाचें शिक्षण, मुलीचें लग्न, शेताची विहीर, घराचें छप्पर, या विषयांवर ओसरीवर तासन्‌तास खल चालतो; परंतु परसांतील दहा कोंबड्यांना दाणा कसा घालावा, हा प्रश्न त्या ओसरीवर कधीं कोणी काढिला आहे काय? काढिलाच तर हंशा पिकेल. तथापि हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यांत घरचें धान्य गुंतलेलें आहे, आईच्या गांठीचे चार पैसे गुंतलेले आहेत, आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्यांत घरांतील एका मुलीची सकाळ गुंतलेली आहे. म्हणून वार्षिकाच्या या पानांतून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना एक साधी सूचना करूं इच्छितों. ज्यांच्या घरीं कोंबड्या आहेत त्यांनीं, आठवडाभराचें खाद्य मावेल आणि तें कोंबड्यांना आपोआप थोडथोडें मिळत राहील, असा एक डबा स्वतःच्या हातानें तयार करावा.

कोंबड्या पाळणें हें हलकें काम आहे, अशी समजूत कित्येकांच्या मनांत अद्यापहि घर करून आहे. जें काम प्रामाणिक आहे व ज्यानें घरांतील मुलांच्या पोटांत सकस अन्न पडतें, तें हलकें कसें, हें आम्हांस कधींच उमगलें नाहीं. आपल्या शाळेंत वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानांत, पिलांना पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीची उपमा प्रभु येशूनें स्वतःच्या ममतेला दिली आहे. तो पक्षी तुच्छ असता तर ही उपमा कोणीं दिली असती? शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तरी शेताचा पैसा वर्षांतून एकदोनदां येतो व तो बहुधा पुरुषाच्या हातीं पडतो. अंड्यांचा पैसा थोडा असला तरी आठवड्याच्या बाजारीं येतो व तो बहुधा घरच्या बाईच्या हातीं राहतो. कितीतरी पाट्या-दप्तरें, वह्या आणि औषधाच्या बाटल्या याच पैशांतून आल्या आहेत, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना घरच्या अनुभवानें ठाऊक असेल.

आतां सध्यांची रीत पाहूं. सकाळीं खुराडें उघडलें कीं सुपांतून चार मुठी दाणा अंगणांत फेंकावयाचा, दुपारीं उरलेलेंसुरलेलें घालावयाचें आणि संध्याकाळीं पुन्हां चार मुठी फेंकून कोंबड्यांना आंत घ्यावयाचें, ही पहिली रीत. एखादी थाळी कांठोकांठ भरून ठेवून निघून जावयाचें, ही दुसरी. पहिल्या रीतींत धीट कोंबडी दुबळीचा वांटा खाते. कावळे, चिमण्या व शेजारची शेळी आपापला वांटा घेतात. आणि उरलेला दाणा चिखलांत व विष्ठेंत तुडविला जातो. दुसऱ्या रीतींत तर नासाडीला सीमाच राहत नाहीं.

यांत कोंबडीचा दोष नाहीं. आजच्या पाळीव कोंबडीचे पूर्वज म्हणजे मुख्यतः दक्षिण व आग्नेय आशियांतील जंगलांत राहणारे तांबडे रानकोंबडे होत. जंगलांतील पालापाचोळा पायांनीं उकरून, चोंचीनें इकडेतिकडे सारून, त्याखालचा दाणा व किडा शोधणें हा त्यांचा धर्म. हजारों वर्षें माणसाच्या दारीं राहूनहि तो स्वभाव पालटलेला नाहीं. समोर भरलेली थाळी असली तरी कोंबडी तींत पाय घालते, चोंचीनें दाणा उडविते व मग उडालेल्यांतून निवडून खाते. कुक्कुटपालनांतील अनुभव असा आहे कीं, खाद्याची द्रोणी कांठोकांठ भरली तर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाद्य वायां जाऊं शकतें. तीच द्रोणी तिसरा हिस्साच भरलेली ठेवली तर नासाडी अगदीं नाममात्र होते. म्हणजे प्रश्न किती दाणा घातला हा नसून एका वेळीं तिच्यापुढें किती ठेवला, हा आहे.

गणिताच्या वर्गांतील मुलांनीं येथें पाटी हातीं घ्यावी. अंड्यांवर असलेली व केवळ आपण दिलेल्या खाद्यावर राहणारी एक कोंबडी रोज सुमारें ११० ग्रॅम खाते. रानांत हिंडणाऱ्या गावठी कोंबडीला बाहेर किडामुंगी व हिरवा पाला मिळत असल्यामुळें घरचें खाद्य यापेक्षां कमी पुरतें. दहा कोंबड्या धरल्या तर दिवसाला १ किलो १०० ग्रॅम, व वर्षाला सुमारें ४०० किलो खाद्य झालें. यांतील तिसरा नव्हे, केवळ पांचवा हिस्सा मातींत जातो असें धरूं; तरीहि वर्षाला ८० किलो धान्य मातींत गेलें! कोंबड्या पाळण्याच्या एकंदर खर्चांत खाद्याचा वांटा शेंकडा ६० ते ७० इतका असतो. तेव्हां कोंबड्यांचा धंदा परवडत नाहीं, अशी तक्रार करणाऱ्यांनीं आधीं अंगणांतील मातीकडे पाहावें. पांच हजारांच्या भोजनानंतर उरलेले तुकडेसुद्धां गोळा करावयास शिष्यांना सांगण्यांत आलें होतें. जेथें चमत्कारानें अन्न मिळालें तेथेंहि नासाडीला वाव नव्हता, मग जेथें तें घामानें मिळतें तेथें कसा असावा?

परंतु धान्याहूनहि मोलाची अशी एक गोष्ट या रीतींत वायां जाते, आणि तिच्याकडे पालकांचें लक्ष वेधणें हा या लेखाचा मुख्य हेतु आहे. कोंबड्यांना दाणा घालणें, तो पाखडणें, कावळे हाकणें, शेळी बांधणें आणि सांडलेलें झाडणें हें काम घरांत कोण करितें? मोठा मुलगा दिव्याशीं पुस्तक घेऊन बसतो; वडील शेतावर जातात; आई चुलीपुढें असते. काम येतें तें मुलीच्या वांट्याला. पाणी भरून, केर काढून, धाकट्या भावंडाला आंघोळ घालून झाल्यावर ती सूप उचलते. मग शाळेची घंटा झाल्यावर ती धांपा टाकीत वर्गांत येते आणि उशीर झाल्याबद्दल बोलणीं खाते. असा रोजचा अर्धाच तास धरला, तरी वर्षाचे १८० तासांहून अधिक होतात. शाळेचा दिवस ६ तासांचा धरल्यास हे पुरे ३० दिवस झाले. म्हणजे शाळेचा जवळजवळ सव्वा महिना, सुट्टीचे रविवार वगळून, ही मुलगी कोंबड्यांच्या मागें घालविते, आणि तो कोणाच्याहि हिशेबांत धरला जात नाहीं. परीक्षेंत ती मागें पडली म्हणजे मात्र, मुलींना शिकवून काय उपयोग, असें म्हणावयास सारे मोकळे!

आम्ही घरकामाचे विरोधी नाहीं. घरचें काम मुलांनीं व मुलींनीं करावेंच. तें न करणारें मूल आमच्या मतें अर्धवट शिकलेलें होय. परंतु जें काम एका डब्यानें होऊं शकतें तें मुलीकडून करवून घेणें, यांत संस्कार नाहीं. केवळ आपण विचार न केल्याची ती शिक्षा आहे, आणि ती भोगते दुसरेंच कोणी.

आतां हा डबा कसा करावयाचा तें सांगतों. साहित्य थोडें लागतें. खाद्यतेलाचा १५ किलोचा रिकामा चौकोनी डबा. सुमारें ४५ सेंटिमीटर व्यासाची, चार बोटें उंच कांठाची जुनी परात. एक लहानसें मातीचें गाडगें. पांचसहा मीटर तार. एखादा पत्र्याचा तुकडा. आणि सायकलीची टाकाऊ ट्यूब. हत्यारें म्हणजे पत्रा कापण्याची कात्री, हातोडी, मोठा खिळा, कानस व पक्कड. डबा खाद्यतेलाचाच घ्यावा. रंगाचा, रॉकेलचा किंवा पिकावर फवारण्याच्या औषधाचा डबा कितीहि धुतला तरी या कामीं कदापि घेऊं नये.

प्रथम डब्याचें वरचें तोंड कापून काढावें आणि डबा राखेनें घांसून, गरम पाण्यानें धुऊन, उन्हांत कोरडा करावा. नंतर तळाला लागूनच चारी बाजूंना मधोमध एकेक खिडकी आंखून कापावी. तिची उंची दीड बोट व रुंदी पांच बोटें पुरे. आरंभीं खिडकी लहानच ठेवावी. लहान खिडकी मागाहून मोठी करतां येते, मोठी झालेली लहान करतां येत नाहीं. कापलेल्या कडा कानशीनें घांसून, दुमडून हातोडीनें चेपाव्या व त्यांवर उभी चिरलेली ट्यूब बसवावी. नाहींतर कोंबडीचा तुरा किंवा डबा धुणाऱ्या मुलाचें बोट कापलें जाईल. पत्रा कापण्याचें व दुमडण्याचें हें काम लहान मुलांनीं एकट्यानें करूं नये. जवळ मोठें माणूस असावें.

मग डबा परातीच्या मधोमध ठेवून, दोहोंच्या तळांना खिळ्यानें चार भोंकें पाडून, तारेनें घट्ट आंवळावा. डब्याच्या आंत तळाशीं गाडगें उपडें ठेवावें. म्हणजे खाद्य मध्यें साचून न राहतां गाडग्याच्या पाठीवरून चारी खिडक्यांकडे घसरत जाईल. परातीच्या कांठापासून डब्याच्या अंगापर्यंत, चाकाच्या आऱ्यांप्रमाणें, बारा तारा ताणाव्या. या तारांमुळें कोंबडीला मान घालून खातां येतें, परंतु परातींत उभें राहतां येत नाहीं व चोंचीनें दाणा आडवा उडवितां येत नाहीं. परातीचा घेर सुमारें १४० सेंटिमीटर भरतो. दहा कोंबड्यांना प्रत्येकीं १४ सेंटिमीटर जागा मिळाली, आणि दुबळ्या कोंबडीलाहि धक्के न खातां जेवतां आलें. झाकण सपाट करूं नये, कारण सपाट झाकणावर कोंबड्या रात्रीं बसतात व सारें घाण करितात; पत्रा वांकवून घराच्या छपरासारखें दुपाखी झाकण करावें.

शेवटीं हा डबा पडवींत किंवा वळचणीखालीं, पाऊस व ऊन लागणार नाहीं अशा जागीं, वाशाला तारेनें टांगावा. परातीचा कांठ उभ्या कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यावा. त्याहून खालीं असला तर ती उकरूं लागते, वर असला तर लहान कोंबड्या उपाशी राहतात. पिलांसाठीं डालग्याखालीं निराळी थाळी ठेवावी. पहिले दोनतीन दिवस जुनी थाळीहि जवळ असूं द्यावी. कोंबड्या नव्या वस्तूला भितात, पण एक खाऊं लागली कीं बाकीच्यांची भीति पळते.

हा डबा चालतो कसा, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः पाहण्यासारखें आहे. खिडकींतून खाद्य बाहेर येतें व परातींत त्याचा एक उतार तयार होतो. हा उतार खिडकीच्या वरच्या कडेला पोंचला कीं मागचें खाद्य अडतें. म्हणजे दाणा आपल्याच ढिगानें आपला मार्ग बंद करितो. कोंबडीनें चार चोंची खाल्लें कीं उतार ढळतो व तितकेंच खाद्य पुन्हां बाहेर येतें. येथें ना चाक आहे, ना कळ. आहे तें केवळ पृथ्वीचें आकर्षण आणि दाण्यांचें परस्पर घर्षण. ज्वारी, तांदुळाची कणी व मक्याचा भरडा यांचे तीन ढीग करून त्यांचे उतार मोजले तर प्रत्येकाचा कोन निराळा भरतो. त्यावरून ज्वारीला लहान खिडकी व भरड्याला थोडी मोठी खिडकी कां लागते, हें मुलांना न सांगतां समजेल. डब्यांत सुमारें १६ लिटर जागा असते. एका लिटरांत भरडा सुमारें ६०० ग्रॅम धरला व गाडग्याची जागा वजा केली तर साधारण ९ किलो खाद्य मावतें. दहा कोंबड्यांना तें आठवडाभर सहज पुरतें.

या सूचनेविरुद्ध तीन आक्षेप येतील, असें आम्हांस दिसतें. पहिला आक्षेप वडीलधाऱ्या मंडळींचा. हातानें दाणा घालण्यांत मुक्या प्राण्यांविषयीं माया उत्पन्न होते. डबा टांगला कीं मुलें आळशी व निर्दय होतील, असें ते म्हणतील. माया उत्पन्न होते हें आम्ही आनंदानें मान्य करितों, आणि म्हणूनच संध्याकाळची एक मूठ दाणा हातानेंच टाकावी असें सुचवितों. त्या मुठीनें कोंबड्या हांकेला येतात, मोजल्या जातात आणि माणसाला ओळखतात. परंतु घाईघाईनें, चिडत, घंटेकडे कान लावून टाकलेल्या सकाळच्या चार मुठींतून कोणती माया उत्पन्न होते? प्रेमाला थोडी स्वस्थता लागते, आणि ती स्वस्थताच या डब्यानें मिळावयाची आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि आम्ही त्याला टाळूं इच्छित नाहीं. कोंबड्यांना आपोआप खाद्य मिळूं लागलें कीं मालक त्यांच्याकडे पाहीनासा होतो. हातानें दाणा घालणाऱ्या मुलीला, आज अमुक कोंबडी आली नाहीं, हें तत्काळ कळतें; डब्याला तें कळत नाहीं. आणि आजारी कोंबडीचें पहिलें लक्षण बहुधा हेंच कीं ती खात नाहीं. ज्या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात व ज्याचें निदान आपल्या देशांत १९२७ सालीं राणीखेत येथें झाल्यामुळें ज्याला त्या गांवाचें नांव मिळालें, तो एकदां शिरला कीं थोड्याच दिवसांत खुराडें रिकामें करितो. त्यावर औषध नाहीं. वेळेवर टोंचलेली लस व आजारी पक्ष्याला तत्काळ वेगळें काढणें, एवढाच उपाय आहे. तेव्हां डबा टांगून पाठ फिरविणाऱ्यापेक्षां रोज मुठीनें दाणा टाकणारा बरा, हें आम्ही मोकळेपणानें सांगतों.

म्हणून डब्याबरोबर पांच मिनिटांचा एक नेम जोडला पाहिजे. रोज संध्याकाळीं कोंबड्या आंत घेतांना त्या मोजाव्या. जी अंग फुगवून कोपऱ्यांत उभी असेल तिला उचलून मानेखालची दाण्याची पिशवी हातानें चांचपावी. दिवसभर खाल्लेल्या कोंबडीची पिशवी त्या वेळीं भरलेली लागते, रिकामी लागली तर कांहींतरी बिघडलें आहे असें समजावें. पाणी रोज ताजें भरावें, कारण कोंबडी खाद्याच्या वजनाच्या सुमारें दुप्पट पाणी पिते व वैशाखांत त्याहून पुष्कळ अधिक. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटींत ठेवावा. एका अंड्याच्या कवचांत सुमारें दोन ग्रॅम चुना-धातु म्हणजे कॅल्शियम असतें, तें कोठून तरी यावयास हवें. आणि अंधार पडतांच डबा उतरवून झांकून घरांत ठेवावा. कोंबडी अंधारांत खात नाहीं. उंदीर मात्र अंधारांतच खातात, आणि त्यांच्या मूत्रावाटे माणसांनाहि ताप देणारे रोग पसरतात. हा नेम आळीपाळीनें पाळावा, आणि आळी म्हणजे भावाचीहि आळी, एवढें सांगितलें म्हणजे आमचा आशय पालकांच्या ध्यानीं येईल.

तिसरा आक्षेप सांठ्याविषयीं आहे, व तो शास्त्रीय आहे. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्ष्यांचीं पिलें अकस्मात् मेलीं. आरंभीं कारण कळेना, म्हणून त्याला अज्ञात रोग म्हणण्यांत आलें. पुढें शोध लागला कीं, त्यांच्या खाद्यांत ब्राझीलहून आणलेली भुईमुगाची पेंड होती व तिच्यांत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नांवाच्या बुरशीनें विष निर्माण केलें होतें. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन असें नांव पडलें. ही हकीकत दूरदेशची असली तरी तिचा बोध आपल्या दाराशींच आहे. कारण भुईमुगाची पेंड व मका हेंच आपल्याकडीलहि खाद्य, आणि आपला आषाढ-श्रावण म्हणजे बुरशीची सुगी. दमट हवेंत भरड्याच्या गुठळ्या होतात, खिडकी तुंबते व तळाशीं हिरवट बुरशी धरते. अशा खाद्याला ऊन दाखविल्यानें बुरशी दिसेनाशी झाली तरी विष राहतें. तेव्हां उन्हाळ्यांत व हिंवाळ्यांत डबा आठवडाभराचा भरावा. पावसाळ्यांत मात्र दोनतीन दिवसांपुरताच. जुन्यावर नवें कधीं ओतूं नये. आधींचें संपूं द्यावें, डबा झटकून पुसावा व मग भरावा. वास आलेलें खाद्य, कितीहि जिवावर आलें तरी, पुरून टाकावें. मिसरांत योसेफानें सात वर्षांचें धान्य सांठविलें, परंतु ती हवा कोरडी होती. आपल्या कोंकणांत व घाटावर त्याचें अनुकरण हवा पाहूनच केलें पाहिजे.

डबा छपराखालीं टांगावा असें वर म्हटलें, त्यालाहि आणखी एक कारण आहे. २००६ सालीं फेब्रुवारी महिन्यांत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची साथ उद्भवली. भारतांतील पाळीव कोंबड्यांमध्यें त्या रोगाची ती पहिली नोंद होय. तेव्हां लाखों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि अनेक कुटुंबांचें पोट बुडालें. रानपक्ष्यांपासून हा रोग पाळीव पक्ष्यांत येऊं शकतो. उघड्या अंगणांत फेंकलेल्या दाण्यावर सगळ्या गांवचे पक्षी उतरतात. छपराखालच्या डब्यावर ते सहसा येत नाहींत. एवढी दक्षता गरिबालाहि फुकट घेतां येते.

असे डबे बाजारांत तयार मिळतात, मग घरीं करण्याचा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. ज्याला विकत घेणें परवडतें त्यानें घ्यावा. आमचें भांडण नाहीं. परंतु शाळेचा विद्यार्थी तो स्वतः करील, तर त्याला डब्याबरोबर आणखीहि कांहीं मिळेल. १९३७ सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगांतून शिक्षण देण्याचा विचार मांडला व डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें त्याची योजना आंखली. मिशनच्या शाळांनींहि आपल्या परीनें सुतारकाम, शेती व कुक्कुटपालन हीं शिक्षणाचीं अंगें मानलीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्या वेळच्या संयुक्त प्रांतांतील एटा येथें मिशनऱ्यांनीं गरीब कुटुंबांसाठीं चालविलेलें कुक्कुटपालनाचें कार्य सर्वत्र प्रसिद्ध झालें होतें. या सर्व प्रयत्नांमागें एकच श्रद्धा होती : ज्या हातानें धडा लिहिला त्याच हातानें उपयोगी वस्तु घडविली, म्हणजे धडा पक्का होतो. डबा करणारा मुलगा क्षेत्रफळ मोजतो, कोन पाहतो, पक्ष्याच्या स्वभावाचा विचार करितो. आणि त्याहूनहि मोलाची गोष्ट म्हणजे, बहिणीचें काम कोठें हलकें करतां येईल, याकडे त्याची दृष्टि वळते. ही दृष्टि बाजारांत विकत मिळत नाहीं.

आमच्या विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टींत तुम्हांपैकीं ज्यांच्या घरीं कोंबड्या आहेत त्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा, व ज्यांच्या घरीं नाहींत त्यांनीं शेजाऱ्याला मदत करावी. डबा टांगण्यापूर्वीं एक आठवडा आणि टांगल्यानंतर एक आठवडा, दररोज किती खाद्य लागलें व किती अंडीं मिळालीं, हें वहींत मांडून ठेवावें. आंकडे आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध गेले तर तेहि प्रांजळपणें लिहावे; प्रयोग आवडीनिवडीसाठीं नसतो. मुलींनीं हें काम मुलांचें म्हणून दूर राहूं नये. कात्री व कानस यांना मुलगा व मुलगी असा भेद कळत नाहीं.

पालकांना आमची विनंति याहूनहि लहान आहे. डबा टांगून झाल्यावर जो अर्धा तास मोकळा होईल तो दुसऱ्या कामानें भरूं नये. सकाळीं हातांतलें सूप सुटलें म्हणून लगेच त्या हातांत घागर देऊं नये. तो वेळ मुलीचा आहे. तिला तो पुस्तकासाठीं, वेणीफणीसाठीं किंवा शाळेपर्यंत न धांवतां चालत येण्यासाठीं खर्चूं द्यावा. असें झालें नाहीं तर धान्य वांचेल, पण आमचा हेतु फुकट जाईल. दाणा घालण्याचें काम डब्यावर खुशाल सोंपवावें, कोंबड्यांवर लक्ष ठेवण्याचें सर्वांनीं वांटून घ्यावें, आणि पहिली घंटा होतांना ती मुलगी आपल्या जागेवर बसलेली असावी, एवढीच आमची इच्छा आहे.